ग्योतोकुतली वेखंडाची अंघोळ

“ग्योतोकु? म्हणजे तोक्योच ना?” भारतातून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. आमचं उत्तरही ठरलेलं. तोक्यो नव्हे, जुनी एदो नदी ओलांडली की चिबा प्रांत लागतो, त्यातल्या इचिकावा शहराचा हा खाडीकडचा भाग. तोझाइ लाइननं निहोनबाशीला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. नदीच्या तोक्योकडच्या अंगाला असलेलं निशी-कासाइ भारतीयांचं म्हणून प्रसिद्ध आहे. पण जागेच्या शोधात आमच्यासारखी काही बिऱ्हाडं चार स्टेशनं पुढे सरकली आणि इथे स्थिरावली.

रेल्वे इथे आली ती १९६९ साली. त्याआधीच्या शेकडो वर्षांत ग्योतोकुचं नाव होतं ते मिठासाठी. मुंबईकरांना सांगायचं तर हे तोक्योचं भांडुप-मुलुंड! १५९० साली तोकुगावा इएयासु एदोला आला तेव्हा आपल्या नव्या राजधानीला मीठ हक्काचं आणि जवळचं हवं, हे त्यानं ओळखलं. ग्योतोकुच्या मिठागरांना त्यानं आश्रय दिला आणि इथलं मीठ एदोत नेण्यासाठी कालव्याचा जलमार्ग झाला. पुढे त्याच वाटेनं माणसांच्या होड्याही सुरू झाल्या. नारितासानच्या देवळाला निघालेले यात्रेकरू इथे उतरत. कवी बाशो १६८७ साली काशिमाला गेला तोही फुकागावाहून होडीनं ग्योतोकुपर्यंत आणि पुढे पायी. १८१२ साली उभारलेला दगडी दीपस्तंभ जुन्या धक्क्यापाशी अजून उभा आहे. १९१७ च्या वादळात समुद्र आत घुसला आणि मिठागरांचं अतोनात नुकसान झालं. आता तिथे इमारती, सायकलींचे स्टँड आणि आमच्यासारखे भाडेकरू.

हा इतिहास आधी सांगून ठेवला, कारण इथल्या जमिनीतलं हे मीठ आमच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे. गोष्ट मात्र एका गवताची आहे. निदान आम्ही तरी त्याला गवतच समजत होतो.

तर झालं असं. आमची लेक चार महिन्यांची असताना वाईहून आई आल्या. (आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. दोघांच्या तोंडी ‘आई’च.) व्हिसा नव्वद दिवसांचा. बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, कुंची, दुपटी आणि या सगळ्यांच्या मधोमध, साडीत गुंडाळलेला बाळगुटीचा डबा नि छोटी सहाण. डब्यात काय काय ते आपल्या घरांत वेगळं सांगायला नको: हिरडा, बेहडा, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, बदाम, खारीक. आणि अर्थात वेखंड. डबा उघडल्याबरोबर ज्याचा वास सगळ्यांच्या वर येतो ते. आमच्या दहा बाय दहाच्या तातामीच्या खोलीत तो वास पसरला आणि आम्ही दोघं एकदम गप्प झालो. आपण कधीतरी फार लहान होतो, हे त्या वासानं आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून गुटी सुरू झाली. वेखंडाचा एक वेढा, हिरड्याचे दोन, असा हिशेब आई बोटांवर करत. मध मात्र आम्ही आधीच नको म्हटलं होतं. जपानात मधाच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. आईंनी ते मान्य केलं. “बरं, तुमच्या दुधात देऊ,” म्हणाल्या.

आठवड्याभरातच नगरपालिकेकडून चौथ्या महिन्याच्या तपासणीचं बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं बघून शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, “दुधाशिवाय आणखी काही देता का?” खोटं कसं बोलणार? आम्ही सांगायला लागलो. हळकुंडाचं, सुंठीचं जपानी नाव आलं, वेखंडापाशी गाडी अडली. शेवटी फोनवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव काढलं, अकोरस कॅलॅमस, आणि त्यापुढे जपानी अक्षरं आली. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, “शोबु? म्हणजे ओफुरोत घालतात ते शोबु?”

आम्हाला काहीच कळलं नाही. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. एवढंच म्हणाले, की ही वनस्पती आमच्याकडे अंघोळीची. एवढ्या लहान बाळाच्या पोटात तिची गरज नाही. तूर्त फक्त दूध द्या.

घरी आल्यावर आम्ही रात्री बसून वाचत गेलो. वेखंडाच्या तेलात बीटा-असॅरोन नावाचं एक द्रव्य असतं. ज्या उग्र, गोडसर वासानं आपण वेखंड ओळखतो त्या तेलाचाच हा भाग. भारतीय वेखंडाचं तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि त्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९६८ साली वेखंड, त्याचं तेल आणि अर्क अन्नपदार्थांत घालायला बंदी केली. युरोपातही खाण्यापिण्यात या द्रव्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे. आता हेही खरं, की प्रयोगातल्या उंदरांना रोज मिळणारं तेल आणि सहाणेवरचा एक वेढा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपले वैद्यही वचा (वेखंडाचं हे आयुर्वेदातलं नाव) वापरतात ती शुद्ध करून, मात्रा ठरवून. पण सहाणेवर एक वेढा म्हणजे नेमकं किती, हे कोण मोजणार? कुणाचा हात हलका, कुणाचा जड. जास्त झालं तर वेखंडानं उलट्या होतात, हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

सकाळी आईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अरे, तू याच गुटीवर वाढलास. तुझे बाबा वाढले. कुणाला काय झालं?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. “आई, तुमचं चुकलं असं नाही म्हणत आम्ही,” एवढंच बोलता आलं. त्यांनी सहाण धुतली, पुसली, डबा बंद केला आणि ओशिइरेच्या, म्हणजे गाद्या ठेवायच्या कपाटाच्या, वरच्या फळीवर ठेवून दिला. पुढचे पंधरा-वीस दिवस घरात सगळं नीट चाललं होतं. स्वयंपाक, बाळाची मालीश, संध्याकाळचं फिरणं. फक्त आई काही सुचवेनाशा झाल्या. “तुमच्याकडे कसं करतात ते बघा,” असं म्हणायला लागल्या. परदेशात ज्यांच्या घरी आईवडील येऊन गेले आहेत त्यांना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको. नव्वद दिवसांसाठी आलेलं माणूस जे द्यायला आलं होतं, तेच आपण कपाटावर ठेवून दिलं होतं.

एप्रिल संपत आला. इथल्या मोठ्या सुट्ट्या जवळ आल्या, बाल्कन्यांवर कापडी मासे फडफडायला लागले. एका संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात भाजी घेत होतो. दारातच एका टोपलीत हिरव्यागार लांब पात्यांच्या जुड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. दोन-तीनशे येनला एक. आम्हाला वाटलं, सजावटीचं काही गवत असेल. आईंनी मात्र एक जुडी उचलली, खालचा लालसर बुंधा नखानं जरा खरवडला आणि नाकाशी नेला.

“अगं, हे वेखंड आहे!”

एवढ्या मोठ्यांदा की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आम्ही टोपलीवरची पाटी वाचली. हिरागानातली तीन-चार अक्षरं: शोबु. तेव्हा कुठे डॉक्टरांचं ते ‘ओफुरोतलं शोबु’ आमच्या डोक्यात शिरलं. जुडी घेऊन घरी आलो. वाटेत आई ती छातीशी धरून चालत होत्या.

इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजीबाई भेटल्या. जन्म याच भागातला, वय ऐंशीच्या पुढे. जुडी बघून त्या खूष झाल्या आणि बाळाकडे बोट करून म्हणाल्या, “हिचा पहिलाच ना?” मग त्यांनी आम्हाला सगळं समजावलं.

पाच मे हा इथला बालदिन. १९४८ पासून ती सगळ्या मुलांसाठी सार्वजनिक सुट्टी आहे. त्याआधी हा सण मुलग्यांचा, नाव ‘तांगो नो सेक्कु’. मुळात चिनी पंचांगातला पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस. उन्हाळा सुरू होतो, पाऊस तोंडावर येतो, रोगराई वाढते, म्हणून या दिवशी उग्र वासाच्या वनस्पतींनी घर राखायचं. चीनमध्ये शोबुचं पातं तलवारीसारखं दारावर लावत. जपानी दरबारात हजार वर्षांपूर्वी शोबु आणि योमोगि छपरांच्या कडांना खोवत, त्यांचे गुच्छ करून अंगावर नि खांबांवर मिरवत. सेई शोनागोन या दरबारी लेखिकेनं इ. स. १००० च्या सुमारास आपल्या पुस्तकात या सणाच्या वासाचं मोठं कौतुक केलं आहे. (योमोगि म्हणजे आपल्या दवण्याचा चुलतभाऊ. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा.) पुढे सामुराईंच्या काळात ‘शोबु’ या उच्चाराचा दुसरा अर्थ, शौर्याचा मान, लोकांना आवडला आणि सण मुलग्यांचा झाला. एदोच्या सार्वजनिक स्नानगृहांत त्या दिवशी शोबुची अंघोळ, ‘शोबु-यु’, सुरू झाली ती आजही अनेक ठिकाणी मिळते.

आजीबाईंनी एक गोष्टही सांगितली. एका कंजूष माणसाला न जेवणारी बायको हवी होती. तशी मिळाली, पण ती निघाली राक्षसीण. डोक्यावरच्या केसांत लपलेल्या दुसऱ्या तोंडानं हंडेच्या हंडे भात फस्त करणारी. भेद उघडा पडल्यावर ती त्याला पळवून नेऊ लागली. तो निसटला आणि शोबु-योमोगिच्या दाट झाडोऱ्यात लपला. त्या वासानं राक्षसिणीला आत पाऊल टाकवेना. म्हणून पाचव्या महिन्यात शोबु घरात हवं!

आम्ही एकेक वाक्य मराठीत करून सांगत होतो. आई म्हणाल्या, “त्यांना सांग, आमच्याकडेही बाळाच्या गळ्यात नाहीतर कमरेला वेखंडाचा तुकडा बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून.” सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघून माना डोलवायला लागल्या. आमची मध्यस्थी तिथेच संपली.

पाच तारखेला सकाळी आजीबाई स्वतः वर आल्या. जुडी दोऱ्यानं बांधायची, टब भरण्याआधीच आत ठेवायची आणि वरून कढत पाणी सोडायचं, म्हणजे वास उतरतो. मग पाणी निवू द्यायचं. बाळासाठी नेहमीसारखं कोमट, आणि तेही दोन-तीन मिनिटं. न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा सगळ्या घरात वाफेबरोबर वास भरला. गुटीच्या डब्यापेक्षा हलका, हिरवा, पण तोच. आईंनी बाळाला पायांवर घेऊन टबातलं पाणी तांब्यातांब्यानं घातलं. आजीबाईंनी एक लांब पातं घेऊन बाळाच्या डोक्याभोवती सैलसर बांधलं. म्हणाल्या, यानं डोकं तल्लख होतं, मूल आजारी पडत नाही. हे मराठीत केल्यावर आई थबकल्या. “अगं, आपण वेखंड का देतो? वाचा फुटावी, बुद्धी तरतरीत व्हावी म्हणूनच ना!”

खरंच की. ‘वचा’ हा संस्कृत शब्दच मुळी ‘वच्’, म्हणजे बोलणे, या धातूवरून. एकीकडे सहाण, एकीकडे टब. एकीकडे जिभेवर, एकीकडे कपाळावर. आशा मात्र एकच.

त्या रात्री डबा ओशिइरेतून खाली आला. गुटीसाठी नव्हे. आईंनी वेखंडाचा एक तुकडा कुटून, वस्त्रगाळ करून पूड केली आणि बाळाच्या तळपायांना चिमूटभर चोळली, टोपड्याखाली कपड्यावर जराशी भुरभुरली. “हे चालेल ना तुमच्या डॉक्टरांना?” विचारताना त्या हसत होत्या. नाकातोंडात उडू नये एवढी काळजी घेतली, बस्स. गुटी मात्र पुन्हा सुरू झाली नाही, आणि आईंनी तो विषयही काढला नाही.

आता थोडं वनस्पतिशास्त्र. आमच्यासारखंच पुष्कळांना वाटतं की वेखंड हे सुगंधी गवत. दिसतं तसंच, आणि आपल्याला सुगंधी गवतांची सवयही आहे. गवती चहा, माठात घालायचा वाळा, खानदेश-निमाडकडचं रोशा गवत. रोशाच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो; एके काळी ते मुंबईहून जहाजानं तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई! ही तिन्ही खरी गवतं, ज्वारी-उसाच्या कुळातली. वेखंड त्यांच्यातलं नाही. त्याला गवतासारखी पेरांची काडी नसते. तलवारीसारखी चपटी पाती एकमेकांना म्यानासारखी कवटाळून बुंध्यातून वर येतात, मीटरभर किंवा जास्तही वाढतात; पात्याच्या मधोमध उठावदार शीर असते. फूल म्हणजे बोटाएवढं तिरपं, हिरवट-पिवळं कणीस, बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. या कणसामुळे शास्त्रज्ञ वेखंडाला बरीच वर्षं अळूच्या कुळात घालत. पुढे डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की हे स्वतंत्रच घराणं आहे, आणि तेही फार जुनं. गवतं, ताड, केळी, कांदे, ऑर्किड या सगळ्या एकदल मंडळींच्या वंशवृक्षात सगळ्यांत आधी वेगळी झालेली फांदी वेखंडाची. म्हणजे गवत नव्हे, गवताचा खापरपणजोबांच्या पिढीतला भाऊबंद.

आपण वेखंड म्हणून वाण्याकडून आणतो ते मूळही नव्हे. चिखलात आल्यासारखं आडवं पसरणारं ते खोड. तुकडा तोडून ओल्या मातीत टाकला की नवीन झाड. कर्नाटकात तुमकुरकडे शेतात लावतात, तिथे त्याला ‘बजे’ म्हणतात. या गुणामुळेच वेखंड माणसाबरोबर जगभर फिरलं. सोळाव्या शतकात ते व्हिएन्नात क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बागेत पोचलं आणि तिथून युरोपभर तळ्याकाठी पसरलं. गंमत अशी की युरोपातल्या वेखंडात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे त्याला बी धरत नाही. सगळा पसारा तुकड्यांतूनच. उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या प्रकारात दोन संच, आणि त्यात बीटा-असॅरोन नाहीच. जपानातल्या शोबुत चार. चार संचांच्या आशियाई वेखंडात हे द्रव्य भरपूर. म्हणजे ज्यामुळे वास भरघोस, त्यामुळेच पोटात घालताना सावध राहायचं. आणि ज्यामुळे पोटाला सावध राहायचं, त्यामुळेच कपाटात वेखंड उपयोगी: या तेलानं किडींची प्रजोत्पत्ती खुंटते. आपल्याकडे पोथ्यांच्या रुमालात, शालूंच्या घडीत, धान्याच्या कोठीत वेखंड ठेवत, ते उगाच नव्हे.

एवढं सगळं कळल्यावर आईंना शोबु जिवंत उगवलेलं बघायचं होतं. एका रविवारी आम्ही जुन्या एदो नदीच्या काठानं दगडी दीपस्तंभापर्यंत चालत गेलो, मग दुपारी उलट दिशेला, पक्ष्यांच्या राखीव पाणथळीकडे. तिथे २०२० साली उघडलेलं ‘आइनेसुतो’ नावाचं निरीक्षण केंद्र आहे. दुर्बिणीतून बगळे, पाणकावळे, बदकं दिसतात. शेजारीच राजघराण्याचं जुनं बदकवन. सगळीकडे बोरूसारखं उंच ‘योशि’ वाऱ्यावर डोलत होतं, शोबुचं एक पातं नाही. कसं असणार? इथे भरतीचं खारं पाणी येतं, आणि वेखंडाला लागतं गोडं. मिठागरांच्या गावात वेखंड उगवत नाही. ते बाहेरूनच आणावं लागतं. “आपल्यासारखंच की,” आई म्हणाल्या.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी सुचवलं म्हणून नदीच्या वरच्या अंगाला कोइवाच्या ‘शोबु-एन’ला गेलो. नाव शोबुचीच बाग. जांभळ्या, पांढऱ्या, निळ्या फुलांचे ताटवे, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. आईंनी खाली पडलेलं एक पातं उचललं, चुरगाळलं, हुंगलं. वास काहीच नाही! फसगत लक्षात आली. ही ‘हानाशोबु’, म्हणजे फुलांचं शोबु, आयरिसच्या कुळातली. पाती सारखी दिसतात म्हणून नाव सारखं पडलं. हिरोशिगेनं १८५७ साली आपल्या एदोच्या चित्रमालिकेत होरिकिरीची जी फुलं रंगवली तीही हीच. खऱ्या शोबुला रूप नाही, वास आहे. परतताना दुसऱ्याच एका बागेतल्या तळ्याकाठी, चिखलात, कोणी बघत नव्हतं असं एक बेट दिसलं. आईंनी वाकून बुंध्याशी बोट घासलं आणि आम्हाला हुंगायला दिलं.

आठ दिवसांनी त्या परत गेल्या. जाताना गुटीतलं वेखंड चार पुड्यांत करून ठेवून गेल्या: एक रेशमी साड्यांत, एक पुस्तकांच्या खणात, एक गाद्यांच्या कपाटात, एक बाळाच्या लोकरी कपड्यांत. सोबत काय नेलं? वहीच्या पानांत दाबून वाळवलेलं ते पातं, जे लेकीच्या डोक्याला बांधलं होतं.

मंडळी, आमचं सांगणं एवढंच. आपण परदेशात आलो की आईवडिलांकडून आलेली प्रत्येक गोष्ट एकतर जशीच्या तशी धरायची नाहीतर सोडून द्यायची, असे दोनच रस्ते आहेत असं वाटतं. वेखंडानं आम्हाला तिसरा दाखवला: पोटातून काढलं आणि अंगावर, कपाटात, न्हाणीत ठेवलं. गुटीबद्दल प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आम्ही तरी नकोच म्हणू. आणि भारतातून मुळं, रोपं, बिया आणायच्या असतील तर विमानतळावरच्या वनस्पती-तपासणीचे नियम आधी बघावेत. वेखंडासाठी तर तेवढाही त्रास नको. एप्रिलच्या शेवटी सुपरमार्केटच्या दारात बघा. जुडी घेताना बुंधा लालसर आहे ना ते पाहा, नखानं खरवडा आणि हुंगा.

आमची लेक आता दोन वर्षांची आहे. बोलते भरपूर, मराठी-जपानी खिचडी. वाचा वेखंडानं फुटली की शोबुनं, देव जाणे. यंदाच्या मे महिन्यात टबात जुडी टाकली तेव्हा व्हिडिओ-फोनवर आई होत्या. लेकीनं एक पातं ओढून काढलं, डोक्यावर धरलं आणि फोनसमोर नाचवत म्हणाली, “आजीचं गवत!”

गवत नाही ते, हे आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.